चुन्यात घातलेला डिंक

सतीशच्या वहीत सगळं होतं. बारा झाडं, प्रत्येकाचा नंबर, कॅमेरा कुठे उभा करायचा, कोणती लेन्स लावायची, ऊन कोणत्या अंगाने येणार, धुकं किती वाजेपर्यंत टिकणार. शेवटच्या पानावर सोबत न्यायच्या वस्तूंची यादी होती आणि तिच्यात टॉर्चचे जास्तीचे सेलसुद्धा विसरलेले नव्हते. बीडच्या एका दैनिकात त्याने चौदा वर्षं छायाचित्रकार म्हणून काढली होती. तीन वर्षांपूर्वी दैनिकाने बीडची कचेरी बंद केली, आणि तेव्हापासून तो लग्नं, बारशी, वाढदिवस, उद्घाटनं असं जे येईल ते करत होता. नोकरी गेली, पण तयारी करूनच घराबाहेर पडायची सवय गेली नव्हती.

वहीत एकच पान नव्हतं. निरोप कुणाकुणाला द्यायचे, ते त्याने लिहिलं नव्हतं.

सप्टेंबरात छत्रपती संभाजीनगरच्या एका संस्थेने प्रदर्शनासाठी छायाचित्रं मागवली होती. एका माणसाची बारा छायाचित्रं, आणि विषयाला एकच शब्द दिलेला: उदात्त. सतीशने तो दोनदा वाचला आणि बायकोला विचारलं. यशोधरा कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची आणि त्या वेळी चाचणीचे पेपर तपासत होती.

"उदात्त म्हणजे काय गं? सुंदर?"

"नाही. सुंदर बघितलं की बरं वाटतं. उदात्त बघितलं की माणूस गप्प होतो. आपण एवढेसे आहोत हे कळतं, आणि तरी तिथून हलावंसं वाटत नाही. थोडी भीतीही वाटते."

"भीती?"

"तू माझ्या वडिलांना पहिल्यांदा भेटायला आलतास, तसली नव्हे."

सतीश हसला. पण तिचं बोलणं संपायच्या आत त्याच्या डोळ्यांपुढे दरा उभा राहिला होता.

दरा म्हणजे शिरूर कासारच्या बाजूला, डोंगराच्या पोटात शिरलेली एक घळ. सतीशच्या आत्याचे यजमान सर्जेराव, ज्यांना तो मामा म्हणायचा, यांना तिथे तीन एकर खडकाळ जमीन कसायला मिळाली होती. ती मिळवायला त्यांची निम्मी उमर मोर्च्यांत आणि तहसीलच्या पायऱ्यांवर गेली होती. अर्धी जमीन त्यांनी नांगरली. उरलेल्या घळीत जी झाडी आपसूक वाढलेली होती, तिला हात लावला नाही आणि लावू दिला नाही. लिंब, चिंच, सादडा, धावडा. आसपासचे माळ उघडे बोडके, आणि मध्येच ही घळ भरलेली. झाडांचे शेंडे रस्त्यावरून दिसायचे नाहीत. खाली उतरलं की मान वर करत जावं लागायचं.

सतीश आठ वर्षांचा असताना मामांनी त्याला हिवाळ्यात एकदा पहाटे दऱ्यात नेलं होतं. धुकं एवढं की स्वतःचे पाय दिसेनात. आणि त्या धुक्यातून एकेक खोड पुढे येत होतं, जसं कुणीतरी खूप वेळ तिथे उभं राहून यांचीच वाट बघत असावं. त्याने मामांचं बोट घट्ट धरलं होतं. "चल घरी," असं मामा म्हणाले तेव्हा मात्र तो हलायला तयार नव्हता.

पुढे हातात कॅमेरा आला, पेपरात नाव येऊ लागलं. मामा भेटले की म्हणायचे, "जगाचे फोटो काढतोस, माझ्या झाडांचा काढ की एखादा." सतीश म्हणायचा, "काढू की मामा, धुकं पडू द्या." धुकं दर वर्षी पडत होतं. मामांना जाऊन सहा वर्षं झाली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो पाहणीला गेला. गावात दारोदार कुलपं होती. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. आत्याचा मुलगा प्रवीण आणि सून वनिताही कर्नाटकाच्या हद्दीजवळ एका कारखान्याच्या फडावर गेले होते. घरातला एकुलता फोन त्यांच्यासोबत गेला होता. मागे राहिली होती सरूबाई, म्हणजे आत्या, दोन शेळ्या आणि पुढच्या गल्लीत छबुबाईंचं किराणा दुकान. आत्याला काही निरोप द्यायचा तर प्रवीण छबुबाईंना फोन करायचा आणि त्या हाक मारून सांगायच्या. फोटोंचं प्रवीणला आधीच विचारून झालं होतं. "त्यात इचारायचं काय, दादा? काढ की. आमच्या आबाला लई हौस होती," तो म्हणाला होता.

आत्याचा गुडघा दुखत होता, तरी ती सोबत दऱ्यात आली. सतीशला ते सोयीचंच झालं. झाडापुढे माणूस किती लहान दिसतो ते बघायला त्याला कुणीतरी उभं करायला हवं होतं. तो आत्याला एकेका झाडाशी उभी करायचा आणि मोबाइलवर नुसता अंदाजापुरता फोटो घ्यायचा.

"हासू का?"

"नको. फक्त उभी राहा. हे खरे फोटो नाहीत, माप घेतोय."

"खऱ्या फोटूत मी न्हाई व्हय?"

"नाही आत्या. त्यात माणूस नको."

"बरं हाय. नवं लुगडं नेसायचा ताप न्हाई," आत्या म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे चालू लागली.

बारा झाडं ठरली. मग सतीशने पिशवीतून चुन्याचा डबा आणि ब्रश काढला. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, नेमकी जागा सापडणं अवघड. चुन्याचा पट्टा असला की टॉर्च पडताच चमकतो. पट्टा आणि नंबर तो पायवाटेकडच्या अंगाला घालणार होता, कॅमेरा दुसऱ्या अंगाने लागणार होता, म्हणजे फोटोत चुना येणार नव्हता. रोजच्या दवाने चुना धुऊन जाऊ नये म्हणून त्याने घरूनच त्यात डिंक कालवून आणला होता.

पहिल्या लिंबावर ब्रश टेकवला तशी आत्या म्हणाली, "झाडाला चुना नगं लावू, सतीश."

"कावून?"

"इकलेल्या झाडाला चुना लावत्यात."

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. वखारवाला उभं झाड विकत घेतो, त्यावर चुन्याचा पट्टा ओढून नंबर टाकतो, आणि त्या घडीपासून झाड वखारीचं. मग त्याच्याखाली कुणी शेळीसुद्धा बांधत नाही. रस्ता रुंद करताना नंबर टाकलेल्या लिंबांच्या रांगेचा फोटो त्यानेच काढला होता आणि तो पहिल्या पानावर सहा कॉलम लागला होता. जिल्ह्यात त्या पट्ट्याचा अर्थ ठाऊक असलेल्या माणसांत त्याचा नंबर बराच वरचा लागला असता.

"इथं कोण येतंय आत्या? आणि जमीन आपली, झाडं आपली. महिनाभराचा प्रश्न आहे."

"फडकी बांध की. माझ्याकडं जुनी लुगडी हायत."

"फडकं वाऱ्याने हलतं. फोटोत येतं."

आत्या बाजूला झाली. पेपरात काम केलेला, शिकलेला भाचा. त्याला काय ते कळत असणार. सतीशने एक ते बारा नंबर टाकले, नीट, एका उंचीवर, एका आकाराचे. सातव्या नंबरची चिंच होती. तिच्या खालच्या फांदीला दोरी घासून खाच पडलेली होती. "वनिताची झोळी हितंच टांगलेली असायची," आत्या म्हणाली. "पोरगं झोपलं की ती खुरपायला जायची." बारावा नंबर वरच्या कपारीतल्या धावड्याचा.

निघताना तो म्हणाला, "अकरा तारखेला पहाटे येतो. गुरुवारी. आजपासून चौथा गुरुवार. सोबत दोन-तीन माणसं असतील. अंधारात कुणी वर जाताना दिसलं तर भिऊ नको."

"च्या लागंल का त्यांना?"

"लागेल की."

आत्याने चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या चार रेघा ओढल्या. एक बेस्तरवार गेला की एक पुसायची.

दहा डिसेंबरला दुपारी आदिनाथचा फोन आला. गेवराईच्या एका पुढाऱ्याचं सगळं कामकाज हा आदिनाथ बघायचा. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याचा वाढदिवस होता, ठरलेला फोटोवाला आजारी पडला होता.

"सतीशभाऊ, नाही म्हणायचं नाही. क्रेनने हार घालायचाय. पाच जेसीबीतून फुलं उधळायचीत. तुमच्याशिवाय कुणाच्या फ्रेममध्ये बसतंय ते?"

"उद्या मला दुसरं काम आहे."

"कुठलं?"

"जंगलाचे फोटो."

"जंगल परवा नाही का राहणार?" आदिनाथ म्हणाला.

सतीशने हो म्हटलं. पुढे पंचायतीच्या निवडणुका होत्या, मग लग्नं होती; आदिनाथ एकदा रुसला की तालुका बंद. त्याने सोबत येणाऱ्या दोन्ही मित्रांना फोन केले, गाडीवाल्याला फोन केला. मित्र म्हणाले, परवा आम्हाला जमणार नाही. ठीक, मी एकटा जातो, असं तो म्हणाला. यशोधराने संध्याकाळी विचारलं, "आत्यांना कळवलंस?"

"उद्याचं परवा झालंय, एवढंच. दरा कुठे पळून जातोय?"

"तसं नव्हे. त्या वाट बघतील."

"करतो छबुबाईंना फोन," असं म्हणून तो बॅटऱ्या चार्जिंगला लावायला उठला.

तो फोन राहिला. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या गळ्यात क्रेनने हार घातला, फुलं उधळली गेली, एक जेसीबी बंद पडला म्हणून तो सोहळा परत एकदा करावा लागला. फोटो चांगले आले.

बारा तारखेला पहाटे सतीश दऱ्याशी पोचला तेव्हा धुकं असं होतं की त्याचा जीव हरखला. तीस वर्षांत असं बघितलं नव्हतं. आत्याच्या घरात अंधार होता. तिला उठवायला नको म्हणून तो परस्पर वर गेला. ट्रायपॉड खांद्यावर, टॉर्च हातात. पहिला लिंब पायवाटेच्या वळणावर होता. त्याने टॉर्च मारला. पट्टा चमकला नाही. चार पावलं पुढे, चार मागे, काही नाही. वाट चुकली असं वाटून तो परत खाली आला आणि वाटेच्या तोंडाशी असलेल्या सपाट खडकापासून पावलं मोजत निघाला. एकोणीस पावलं, वहीत लिहिलेली. एकोणिसाव्या पावलाला त्याचा बूट भुशात रुतला.

ओल्या, ताज्या लाकडाचा वास येत होता.

तो तरी पुढे गेला. दोन नंबर नाही, तीन नाही. टॉर्चचा झोत धुक्यात शिरायचा आणि कशालाच अडत नसल्यामुळे नुसता पसरायचा. मग एकदम पट्टा चमकला. पण तो जमिनीलगत होता आणि आडवा होता. त्यावरचा सातचा आकडा कुशीवर निजलेला होता.

सतीश तिथेच थांबला. हळूहळू उजाडत गेलं. बुडखे दिसू लागले, गुडघ्याएवढे, वरून पिवळे. तोडलेल्या फांद्यांचे ढीग दिसले. आठव्या वर्षी त्याने ज्या जागी मामांचं बोट धरलं होतं तिथून आता डोंगराची उघडी भिंत सरळ वरपर्यंत दिसत होती, आणि धुकं तिच्यावरून खाली सांडत होतं. त्याला भीती वाटली. यशोधरा म्हणाली होती ती हीच असावी. कॅमेरा गळ्यात होता. त्याने तो डोळ्याला लावला, बघितलं, आणि खाली सोडला.

"कोन हाय?" खालून आवाज आला.

"मी. सतीश."

आत्या काठी टेकत चढून आली. जवळ येऊन बसली. दम खात राहिली. मग म्हणाली, "आज आलास व्हय."

"कुणी केलं हे?"

"मीच दाखिवली रे झाडं."

तिने जे सांगितलं ते असं. काल चौथा बेस्तरवार. ती तीनलाच उठली होती, चुलीवर पाणी ठेवलं होतं. फटफटीत व्हायच्या आधी तिघं आले. पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी एकाच्या खांद्यावर होतं. त्यांनी विचारलं, "आजी, नंबर टाकलेली झाडं कुडं हायत?" तिने म्हटलं, माणसं सतीशची. पोत्यात कॅमेरा असणार. तिने कोरा चहा पाजला. सतीश कुठे आहे असंही विचारलं, तर एकजण म्हणाला, मालक मागून येतोय. मग तिने हाताने दाखवलं, त्या वळणापासून धरा, बारा हायत, शेवटचं वर कपारीत हाय.

"मागनं अजून पाच जण आले. दोन ट्रॅक्टर आले. मला वाटलं, एवढी माणसं कावून लागत्यात फोटूला? पन पेपरातलं काम, आसंल बाबा मोठं. मग कटर सुरू झाला. मी वर येईस्तवर तीन झाडं पडलीती. वरडले, तर त्या आवाजात कोन ऐकतंय? एक पोरगा थांबला अन् म्हनला, आजी, तुमीच तर दाखिवली की."

"छबुबाईंना सांगून मला फोन करायचा."

"काल बाजार. दुकान बंद." आत्याने काठीने भुसा सारला. "अन् मी म्हनलं, तू येतोयस की मागनं."

दहाच्या सुमारास राधाकिशन आला. मोटारसायकल घराशी लावून, पायजम्याला गवताची कुसळं चिकटवून घेत वर आला. तो वखारीसाठी झाडं ठरवणारा माणूस. दऱ्याच्या तळातून जाणाऱ्या ओढ्याच्या पलीकडच्या पंडितरावांची नऊ झाडं त्याने घेतली होती. कटरवाले दिंद्रुडकडचे, या भागात नवे. त्यांना फोनवर सांगितलं होतं, ओढ्याकाठची, चुन्याची पट्टी आणि नंबर असलेली. पंडितरावांची नऊ झाडं पलीकडे अजून उभी होती, त्यांच्यावरही पट्टी होती.

"साहेब, माझं चुकलं," राधाकिशन म्हणाला. "नवाच्या जागी अकरा निघाली तवाच माझ्या ध्यानात यायला पायजे होतं. पन मी होतो शिरूरला."

"चुकलं म्हणून चालत नाही. दुसऱ्याच्या जमिनीत घुसून झाडं तोडली तुम्ही. मी पेपरात होतो. उद्याच्या उद्या बातमी लावू शकतो."

"लावा की." राधाकिशनचा आवाज चढला नाही. "मी न्हाई म्हनत न्हाई. तक्रार बी करा. पन बातमीत एवढं लिवा, पट्टी कुनी ओढली, नंबर कुनी टाकले. मी पंधरा वरसं ह्या धंद्यात हाय, एवढी सारखी पट्टी माझ्या मानसाला बी येत न्हाई. मला तर आधी वाटलं दुसऱ्या वखारीनं घेतली, आजीनं सांगितलं तवा कळलं."

बातमी कशी लिहिली जाते हे सतीशला माहीत होतं. कोण, काय, कुठे, केव्हा. या बातमीत प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात त्याचंच नाव निघत होतं.

"पडलेलं लाकूड तुमचं. हात लावनार न्हाई. नेलेलं परत मिळंल का, ते बी बघतो," राधाकिशन म्हणाला. "अन् ते वरचं बारा नंबरचं. काल दोरखंड नव्हतं म्हनून ऱ्हायलं. मी मानसांना सांगितलंय, सोडा म्हनून. पन दोन टोळ्या फिरायल्यात. एकाला सांगावं तर दुसरा येतो. खूण दिसली की ते इचारत न्हाईत. पुसून टाका आधी."

तो गेला. आत्याने घरून बादली आणली, घासायला नारळाचा काथ्या आणला. दोघं कपारीपाशी चढले. धावडा सरळ उभा होता, पांढुरक्या सालीचा, आणि त्यावर बारा नंबर इतका स्वच्छ होता की सतीशला त्याच्याकडे बघवेना. त्याने काथ्या भिजवून घासायला सुरुवात केली. वरचा थर थोडा सुटला. खाली सालीच्या भेगांत चुना गच्च बसला होता. त्याने जोर लावला. हाताला डिंकाचा चिकटपणा लागला.

"निघंना व्हय?" आत्याने विचारलं.

"डिंक घातला होता त्यात. दवाने जाऊ नये म्हणून."

"लई पक्कं काम केलंस," आत्या म्हणाली. त्यात टोमणा होता की नव्हता ते त्याला कळलं नाही. तो घासत राहिला.

कपारीवर रेंज यायची. तिथेच सतीशचा फोन वाजला. प्रवीण होता. छबुबाईंनी सकाळी दुकान उघडताच त्याला फोन केला होता.

"दादा, छबुकाकी काय सांगायली? झाडं तोडली?" त्याच्या मागे ट्रॅक्टरचा आणि माणसांचा गलका होता.

सतीशने तोंड उघडायच्या आधी आत्याने फोन मागून घेतला. "परवीन, माझंच चुकलं बाबा. लोक आले, मीच दाखिवली झाडं. मला कळलं न्हाई. म्हातारपन." एवढं बोलून तिने फोन सतीशकडे दिला आणि काथ्या उचलला.

"आईला आता काय बोलावं," प्रवीण म्हणाला. "किती येळा सांगितलंय, अनोळखी मानसाला काही सांगत जाऊ नको. बरं झालं दादा तू गेलास. एखादं तरी वाचलं का?"

आत्या पाठमोरी होती, घासत होती. सतीशला एवढंच म्हणायचं होतं, हो, एक वाचलं. ते खरंही होतं. प्रवीणने ते मान्य केलं असतं, गाव मान्य करणार होतं, आणि आत्या तर आधीच करून बसली होती.

"प्रवीण, ऐक. पट्टे मी ओढले. आत्या नको म्हणाली होती. काल मी येणार होतो, माणसं घेऊन. आलो नाही, आणि येत नाही हे कळवलंही नाही. तिला वाटलं, ती माझीच माणसं."

ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला; प्रवीण बाजूला सरकला असावा.

"कुडं गेलतास काल?"

"गेवराईला. एका वाढदिवसाला. फोटो काढायला."

"बरं," प्रवीण म्हणाला. मग, "चिंच?"

"गेली."

"वनिताला आत्ताच सांगत न्हाई. मोळ्या बांधायलीय." आणि त्याने विचारलं, "फोटो काढले का तू? झाडांचे?"

"खरे नाही काढले. नोव्हेंबरात माप घेताना मोबाइलवर घेतले होते. प्रत्येक झाडाशी आत्या उभी आहे."

"ते धाड," म्हणून प्रवीणने फोन ठेवला. एरवी तो फोन ठेवताना 'जय भीम, दादा' म्हणायचा.

सतीशने तिथेच उभ्याने बारा फोटो पाठवले. वाकडेतिकडे, दुपारच्या उन्हातले, सावल्या काळ्याकुट्ट. कुठे आत्याने डोळे मिटलेले, कुठे पदर सावरताना हात हललेला. सातव्या फोटोत ती चिंचेच्या त्या खाचेवर बोट ठेवून उभी होती. बाराव्यात, त्याने नको म्हटलं असतानाही, ती हसत होती. प्रदर्शनाला फोटो पाठवायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. तो विचार मनात आला आणि सतीशला स्वतःची लाज वाटली.

आत्याने काथ्या बादलीत टाकला. "ह्यानं व्हायचं न्हाई," ती म्हणाली आणि ओढ्याकडे उतरली. ओंजळभर काळी माती कालवून वर आली आणि भिंत सारवावी तशी तिने ती आकड्यावरून ओढली. एक हात, मग वरून दुसरा. सतीशही खाली जाऊन माती घेऊन आला. उंचावरचं त्याने लिंपलं, खालचं तिने. पट्टा झाकला गेला. दोघं बाजूला होऊन बसले. ऊन आता कपारीवर आलं होतं, धुकं कधीच उतरून गेलं होतं, आणि खाली दरा एखाद्या उघड्या खळ्यासारखा दिसत होता.

माती वाळू लागली तसा तिच्यातून बाराचा आकडा पुन्हा फिकट उमटू लागला.

"रोज लिंपावं लागंल," आत्या म्हणाली. "पावसाचं पानी येईस्तवर."

"तू नको चढूस. मी येत जाईन. रविवारी येतो."

आत्याने हात लुगड्याला पुसले, काठी घेतली आणि उठली. उतरताना गुडघा धरून एक क्षण थांबली, मागे न बघता म्हणाली, "येनार आसशील तर छबुबाईला फोन कर. अन् न्हाई येनार आसलास, तरी कर."